दोरावरची हरणाबाई

देवदत्तला अख्खा महाराष्ट्र 'देव' म्हणतो. मी देवू म्हणते, कारण लहानपणी त्याचा शेंबूड मी पुसलेला आहे. हरिपूरला त्याचं आजोळ आमच्या भिंतीला भिंत लागून. पुढे तो मुंबईला गेला, सिनेमात गायला, पानपट्टीवर त्याचे फोटो लागले आणि पंचाण्णव सालच्या दिवाळीनंतर टेम्पोभर सामान आणि तीन-चार केसाळ वादक घेऊन तो माझ्या अंगणात उतरला. पण मला सांगायचं आहे ते त्याच्याबद्दल नाही. त्याच्याबद्दल सांगायला मासिकं आहेत. मला हरणाबाईबद्दल सांगायचं आहे. ती त्या दिवशी तिथं नसती तर त्याच मासिकांनी देवूबद्दल काय छापलं असतं, हेही लोकांना कळू दे.

हरणाबाई आमच्या गल्लीच्या टोकाला राहते. सांगलीच्या पेठेत हळद निवडायला जाते, त्यामुळे हात मनगटापर्यंत कायमचे पिवळे. "माजी लग्नाची हळद अजून उतरली न्हाई बगा वैनी," असं ती पोरगी लग्नाला आल्यावरही म्हणायची. दिसायला किरकोळ, पण भरलेलं पोतं एकटी पाठीवर घेते. कुणाला दबून राहत नाही. एका गोष्टीला मात्र ती घाबरते, आणि तिचा नवरा जोतीराम नेमकं तेच काम करतो. तो पेवात उतरतो.

ज्यांनी पेव पाहिलं नाही त्यांनी जमिनीत पुरलेला भलामोठा रांजण डोळ्यांपुढे आणावा. आमच्याकडची माती अशी की खोल खणलं तरी ढासळत नाही, म्हणून व्यापारी हळद त्यात भरून वर दगड-माती लिंपून वर्षानुवर्षं ठेवतात. पोट एवढं मोठं की आत चार बैल बांधावेत, आणि तोंड इतकं अरुंद की माणसाला दोन्ही हात डोक्यावर घेऊनच आत-बाहेर करावं लागतं. आतली हवा कोंडलेली असते. ती कधी फिरून विषारी होईल याचा नेम नाही. म्हणून पेव उघडलं की ते काही वेळ तसंच उघडं ठेवतात, मग कंदील सोडून बघतात. कंदील विझला नाही तरच माणूस उतरतो, तोही कमरेला दोर बांधून. खाली गेल्यावर गप्प राहायचं नाही. गाणं म्हण, शिव्या दे, काहीही कर, पण वरच्याला आवाज येत राहिला पाहिजे. आणि दोरावरचा माणूस अधूनमधून खालच्याचं नाव घेऊन हाक मारतो. हाक आली की 'ओ' द्यायची आणि दोन्ही हात वर करायचे. काही झालेलं नसलं तरी करायचे. अंगात मुरावं म्हणून करायचे. कारण गुंगी आलेला माणूस हात खाली सोडून वर ओढला, तर तो खांद्यात अडकतो आणि तिथंच जातो. गुंगीत माणसाला बाकी काही कळत नाही, पण स्वतःचं नाव कळतं, असं ही मंडळी मानतात.

दोरावर बाई कधी नसते. जोर नाही म्हणून नव्हे. पेवात उतरणारा असतो तिचा नवरा, नाहीतर दीर-सासरा, आणि बाईनं त्यांचं नाव घ्यायचं कसं? म्हणून जोतीरामच्या दोरावर कायम त्याचा मावसभाऊ हरिबा.

हरणाबाईचा बापही पेवातलाच. ती परकर नेसायच्या वयाची असताना त्याची न्याहारी घेऊन गेली होती. वरची माणसं तंबाखू मळत गप्पा मारत होती. खालून घोरण्याचा आवाज यायला लागला. कुणीतरी म्हणालं, "गडी झोपला वाटतं," आणि सगळे हसले. ती पण हसली. मग हाका मारल्या, दोर ओढला, पण हात काही वर आले नाहीत. पेवाचं तोंड फोडून त्याला बाहेर काढावं लागलं. हे तिनं मला एकदाच सांगितलं, तांदूळ निवडताना, मान वर न करता. "आपुन हासलो वैनी," एवढंच शेवटी म्हणाली.

त्यामुळे तिनं लग्नाआधीच घरात बजावून ठेवलं होतं, की पेवात उतरणारा नवरा नको. उंब्रजचा जोतीराम तेव्हा पेठेत हमाल होता, म्हणून तिनं त्याला होकार दिला. लग्न झालं, आणि चार वर्षांत हरिबाचा जुना जोडीदार पोट सुटून पेवाच्या तोंडात मावेना झाला. जोतीराम पहिल्यापासून काटकुळा. झालं. हरणाबाई आठ दिवस त्याच्याशी बोलली नाही. मग तिनं स्वतःचीच एक रीत पाडली. तो उतरला की ती भाकरी घेऊन जायची आणि पेवापासून जरा लांब बसून त्याचा आवाज ऐकत राहायची. जोतीरामला ताल नाही, सूर नाही, पण दम दांडगा. खालून त्याचं बेसूर गाणं चालू असलं की ही निवांत पान खायची. थांबलं की हिचा घास हातात राहायचा.

आता देवू. त्याला अमेरिकेतली पंचावन्न सालच्या आसपासची रॉक अँड रोलची गाणी आपल्या आवाजात म्हणून त्यांची कॅसेट काढायची होती. मला त्या गाण्यातलं काही कळत नाही. त्यात 'बेबी, बेबी' फार आहे आणि बेबी काही येत नाही, एवढं कळलं. पण देवूचं म्हणणं असं, की त्या जुन्या तबकड्यांमध्ये आवाजाला एक घुमारा असायचा. तिकडचे लोक रिकाम्या खोलीत कर्णा लावून गाणं त्यात सोडायचे आणि खोलीत घुमलेला आवाज पुन्हा टिपायचे.

"आता तसला घुमारा मशीनमधून मिळतो, मावशी. पण तो खोटा वाटतो," तो म्हणाला. "लहानपणी आम्ही रिकाम्या पेवात तोंड घालून ओरडायचो, आठवतं? तो घुमारा मला पाहिजे."

मी म्हटलं, त्यासाठी मुंबईहून आलास? तर म्हणाला, हो. असल्या वेडापायीच तो मोठा झाला असेल.

नानासो व्यापाऱ्यांनी आपलं एक पेव दिलं. ते आदल्याच दिवशी जोतीरामनं उपसलेलं होतं. शेजारच्या त्यांच्या वखारीत देवू आणि त्याचे वादक बसले. वीज आमच्या घरातून घेतली होती, म्हणून रेकॉर्डिंगचं मशीन माझ्या ओट्यावर आणि त्याच्यापुढे कानाला हेडफोन लावून राजस नावाचा पोरगेला तंत्रज्ञ. समोर मोकळी जागा आणि तिच्या मधोमध पेव. सकाळी कंदील सोडला. ज्योत सरळ उभी राहिली. जोतीराम उतरला, गात गात कर्णा आणि माइक लावून आला. सगळं रीतसर चाललं होतं.

पण दोराला टांगलेला कर्णा गरगर फिरायला लागला आणि माइकमधून शिट्टी यायला लागली. खाली पाचटाचा थर, त्यावर माइकचा स्टँड उभा राहीना. राजस वैतागला. तेव्हा जोतीराम आपणहून म्हणाला, "त्यात काय एवढं? म्या खाली बसतो. एका हातात कर्णा, एका हातात तुमचा माईक. हलायचा न्हाई."

तो उतरला. सोबत कंदील होताच. गाणं सुरू झालं तशी कंदिलाची कडी ढोलाबरोबर थडथड वाजायला लागली आणि ते सगळं माइकमध्ये. कंदील वर घेतला. मग जोतीरामचं गुणगुणणं माइकमध्ये यायला लागलं. देवूनं पेवात वाकून हात जोडले आणि म्हणाला, "जोतीरामदादा, गाणं होईपर्यंत अगदी गप्प राहायचं. शब्द द्या." जोतीरामनं शब्द दिला. मग रस्त्यावरच्या एसटीचा भोंगा आणि संगमेश्वराची घंटा आत शिरायला लागली, म्हणून पेवाच्या तोंडावर ओली पोती अंथरली. शेवटी राहिला हरिबा. हळदीच्या धुळीनं त्याला कायमचा खोकला. राजसनं त्याला नदीच्या बाजूला, पार चिंचेखाली नेऊन बसवलं, आणि दोर वखारीच्या खुंटीला अडकवला.

एकेक गोष्ट काढताना प्रत्येकाला ती बरोबरच वाटत होती. मलाही वेगळं काही वाटलं नाही, ओट्यावर बसून मी शेंगा सोलत होते.

हरणाबाई भाकरी घेऊन आली तेव्हा वखारीत वाद्यं जुळवणं चाललं होतं. तिनं पोती पाहिली. खुंटीला दोर पाहिला. दोरावर कुणीच नाही, हे पाहिलं. भाकरीचं फडकं तिनं जमिनीवर ठेवलं आणि सरळ जाऊन खुंटीवरचा दोर सोडून हातात घेतला.

"हरिबा कुटं गेला? आन ह्यांचा आवाज का येत न्हाई?" ती केवढ्यानं तरी म्हणाली.

देवू धावत बाहेर आला. "ताई, एकच गाणं राहिलंय. झालं की लगेच वर काढतो. तुम्ही बसा, फक्त बोलू नका." त्यानं पोत्याचा कोपरा उचलला. खालून जोतीरामचा आवाज आला, चांगला खणखणीत. "हरणे, बस गप. देवदादाला शब्द दिलाय म्या. नाक खुपसू नगंस."

खणखणीत आवाज ऐकून ती बसली. पण दोर तिनं सोडला नाही. दोन फेरे मनगटाला घेऊन ती पेवाच्या काठाला उकिडवी बसली.

एकच गाणं, म्हणाला होता. गाणं झालं, पण देवूचा श्वास चुकला. पुन्हा घेतलं, तर ढोलवाला चुकला. मग मधल्या एका ओळीवर देवूचंच समाधान होईना. पहिल्या वेळी हरणाबाईनं मध्ये पोतं उचललं तेव्हा खालून "हाय, हाय" असं उत्तर आलं. दुसऱ्या वेळी ती उचलायला लागली तर देवू वखारीच्या दारातून कळवळून म्हणाला, "नका ताई, नका उचलू! आता सूर लागलाय, लगेच घेतो." तिनं हात मागे घेतला. मोठा माणूस, पाहुणा, त्यात नवऱ्यानं दिलेला शब्द. पण तिचं तोंड मला दिसत होतं. ती कान देऊन बसली होती, आणि ऐकायला काही नव्हतं. पोत्याखालून नुसता तो ढोल धपधपत होता.

मला तेव्हा शेंगा सोलवेनात. का ते सांगता येत नव्हतं. मी तिच्याकडे बघत राहिले आणि ती दोराकडे.

शेवटच्या वेळी गाणं खरंच रंगलं. मला कळत नाही म्हणतात, पण तेवढं मलाही कळलं. देवू असा गात होता की गळ्यातल्या शिरा तटतटल्या होत्या. राजस डोळे मिटून मान डोलवत होता. मग त्याच्या कपाळाला आठी पडली. त्यानं हेडफोन कानावर दाबला, पुन्हा ऐकलं, आणि हसला. माझ्याकडे वाकून कुजबुजला, "मावशी, तुमचा माणूस खाली झोपला की! घोरतोय."

माझ्या हातातलं सूप खाली पडलं. ओरडायला मला सुचलंच नाही. गाणं असं दणक्यात चाललं होतं की ओरडूनही तिला ऐकू गेलं नसतं. पण सूप पडलेलं तिला दिसलं होतं आणि तिनं मान वळवली होती. मी दोन्ही तळवे जोडून गालाखाली धरले, मान कलती केली, आणि पेवाकडे बोट दाखवलं.

तिला एवढं पुरलं. सगळं आयुष्य ती ज्याला भीत होती ते मी तिला एका खुणेनं सांगितलं.

तिनं दोराला दोन हिसके दिले. खालून उलटा हिसका आला नाही. न हलण्याचाही त्यानं शब्द दिला होता, त्यामुळे त्याचा अर्थ काय धरावा ते कळेना. मग तिनं पोती फराफरा ओढून बाजूला फेकली. आतलं गाणं एकदम केवढ्यानं तरी बाहेर पडलं. ती पालथी पडून पेवात डोकं घालून ओरडली, "आवं! आवं, वर या! ऐकलं का!"

पेवानं तिचं 'आवं' तिला परत दिलं. बाकी काही नाही.

वखारीत गाणं अडखळून थांबलं. देवू दारातून ओरडला, "कोण आहे ते? सत्यानाश केलात!" मी ओट्यावरून उतरून पळत सुटले होते. चिंचेखालून हरिबा धावत येत होता, पण तो अजून लांब होता. आणि त्या एकदम पडलेल्या शांततेत वरूनसुद्धा ऐकू आलं, खालचं ते घोरणं. आता ते थांबत थांबत येत होतं.

हरणाबाईनं डोक्यावरचा पदर मागे टाकला. श्वास घेतला. आणि जे जन्मात केलं नव्हतं ते केलं.

"जोतीराम!"

काही नाही.

"जोतीरामऽऽ! आरं ए जोतीराम! हात वर कर! हात वर कर रं!"

खालून घोगरा, लांबून आल्यासारखा आवाज आला. "ओ."

"वडा!" ती किंचाळली आणि ओढायला लागली. मी तिच्या कमरेला धरून ओढलं, हरिबानं दोर पकडला, देवू गिटार गळ्यात तशीच लटकवून धावला आणि त्यानं पण दोर धरला. तिच्या मनगटात दोर रुतून रक्त आलं होतं. अंधारातून आधी दोन पिवळे हात आले, डोक्यावर सरळ धरलेले. मग डोकं. मग खांदे, जराही न अडकता.

त्याला जमिनीवर उताणा टाकला. ओठ काळेनिळे पडले होते. हरिबानं छाती चोळली, मी पाणी मारलं. बऱ्याच वेळानं त्याला उमासा आला, तो ओकला, डोळे उघडले आणि आमच्याकडे बघत पहिला प्रश्न विचारला, "झालं का गाणं?"

हरणाबाईनं त्याच्या मुस्काटात दिली. फाडकन. मग त्याच तोंडावरून पदर फिरवला, ओकारी पुसली आणि त्याचं डोकं मांडीवर घेऊन मोठ्यानं रडायला लागली. देवू पोत्यांवर बसला होता. एवढा मोठा माणूस, पण तोंड लहानपणी आंबा चोरताना सापडल्यावर व्हायचं तसं झालं होतं. तोही रडत होता. मला त्याचा राग आला होता आणि दयाही आली. मी दोन्ही सांगितलं.

गंमत अशी, की जीव वाचल्याचं सुख हरणाबाईला रात्रीपर्यंतसुद्धा टिकलं नाही. संध्याकाळी ती माझ्याकडे आली ती वेगळ्याच काळजीनं. गल्लीत बायका कुजबुजायला लागल्या होत्या. जोतीरामच्या थोरल्या भावजयीनं तर विचारलंच होतं, की एवढं 'आरं ए' करायला तो काय तुझा पोरगा हाय? आणि त्याहून वाईट म्हणजे ते सगळं मशीनमध्ये भरलं गेलं होतं.

"देवदादा," तिनं ओट्यावर बसलेल्या देवूला मान खाली घालून सांगितलं, "तुमच्या क्यासेटीत माजा आवाज ठिवू नगा. मुलूखभर ऐकतील. मला तोंड दावाय जागा ऱ्हायची न्हाई."

देवू म्हणाला, "ताई, माझा आवाज काढून टाका म्हणालात तर तोही काढतो."

त्यानं शब्द पाळला. कॅसेट गुढीपाडव्याला आली. ते गाणं ऐन भरात एकदम तुटतं. मासिकांनी लिहिलं, की असा धाडसी शेवट आजवर कुणी केला नव्हता. मी वाचून हसले, आणि मग हसू थांबलं. न कापलेली एक प्रत देवूनं जोतीरामला पाठवली. त्याच्याकडे टेप नाही, म्हणून ती माझ्याकडे असते.

पुढच्या हंगामात पेव उपसायचं निघालं तेव्हा जोतीराम हरिबाला म्हणाला, "दोरावर हरणा बसंल. तसं असंल तर उतरतो, न्हाईतर पोती उचलाय मोकळा." माणसं बघत राहिली. हरणाबाई संतापून म्हणाली, "आन हाक? नाव कोन घ्यायचं?"

"घे की. एकदा घेतलंस न्हवं? मेलो का म्या? जगलोच."

तिनं दोर घेतला. दुसरं काय करणार? बाकी कुणाच्या हातात दोर असला की तिचा घास हातात राहायचा, त्यापेक्षा हे बरं. पहिल्या हाकेला ती केवढी लाजली होती. तोंडाला पदर लावून, इकडं-तिकडं बघून, पेवावर वाकून ती म्हणाली, "जो..." आणि खालून लगेच केवढ्यानं "ओ!" आला.

तेव्हापासून हे असंच चाललंय. हंगामामागून हंगाम गेले, तिचं 'जो' तोंडातून निघतं न निघतं तोच खालून ओ येतो. पुरतं नाव घ्यायची पाळी त्यानं तिच्यावर पुन्हा येऊ दिलेली नाही. बायकाही आता काही बोलत नाहीत. नुसत्या 'जो'ला काय बोलणार?

पुरतं नाव आहे ते फक्त माझ्या कपाटातल्या त्या कॅसेटमध्ये. बाजाराच्या दिवशी ती पेठेत गेली की जोतीराम हळूच येतो. "वैनी, जरा लावता का ते?" गाणं त्याला नको असतं, मी ते पुढे पळवते. तो ओट्याच्या पायरीवर गुडघ्यांवर हात ठेवून बसतो. ते 'आवं, आवं' येतं, देवूचा आवाज तुटतो, मग जरा काहीच नाही, आणि मग ती हाक येते. जोतीरामचे दोन्ही हात गुडघ्यांवरून उठतात आणि डोक्यावर जातात. तो करत नाही, ते होतं. मग त्याच्या लक्षात येतं, आणि तो टोपी नीट केल्यासारखं करून उठतो.